विश्लेषण : खोक्यावर ‘५२५ पट’, डोळ्याला मात्र धूसर! छोट्या दुर्बिणीला आयपीस कोणता लावावा?

मुलीला आकाशाची आवड आहे म्हणून वाढदिवसाला ऑनलाइन दुर्बीण मागवली जाते. खोक्यावर शनीच्या कड्यांचे रंगीत चित्र आणि ‘५२५ पट’ असा ठळक आकडा असतो. रोह्यातल्या गच्चीवर पहिल्या रात्री घरातले सगळे जमतात. सर्वांत ‘मोठे’ दाखवणारी जोडणी लावली जाते आणि दिसतो तो थरथरणारा, काळपट ठिपका. तोही दुसऱ्याने डोळा लावेपर्यंत निसटून जातो. दोन-तीन रात्री असाच प्रयत्न होतो. मग पावसाळा येतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

अशा वेळी दोष बहुतेकदा दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचा नसतो. डोळ्याजवळ लावायच्या छोट्या नळीची, म्हणजे आयपीसची निवड चुकलेली असते. ही निवड कशी करावी, बाकीच्या कोणत्या वस्तूंवर पैसे खर्चावेत, कोणती वस्तू घरात ठेवणेही धोक्याचे आहे आणि कोकणच्या दमट हवेत हे सामान कसे टिकवावे, याचा हा आढावा.

आयपीस नेमके काय करतो?

दुर्बिणीची कामे दोन भागांत वाटलेली असतात. पुढचे मोठे भिंग किंवा मागचा आरसा प्रकाश गोळा करतो आणि नळीच्या आत एक छोटी प्रतिमा तयार करतो. ही प्रतिमा मोठी करून डोळ्याला दाखवण्याचे काम आयपीस करतो. मराठी पुस्तकांत त्याला नेत्रिका म्हणतात. थोडक्यात, आयपीस म्हणजे आतल्या प्रतिमेकडे पाहण्याचे चांगल्या प्रतीचे बहिर्गोल भिंग.

दुर्बीण किती पट मोठे दाखवते, हे दोन्ही मिळून ठरवतात. मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले, की उत्तर मिळते. बाजारात ‘७०/७००’ अशी दुर्बीण सर्रास मिळते. त्यात ७० मिमी हा भिंगाचा व्यास आणि ७०० मिमी हे नाभीय अंतर. तिला २५ मिमीचा आयपीस लावला तर ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट. १० मिमीचा लावला तर ७० पट. आयपीसवरचा आकडा जितका लहान, तितके चित्र मोठे. नवख्याची पहिली गफलत इथेच होते. तो मोठ्या आकड्याचा आयपीस जास्त ताकदीचा समजतो.

आयपीस बदलला की दुर्बिणीचा स्वभावच बदलतो. त्यामुळे एकाच दुर्बिणीतून एका घरी शनीची कडी स्पष्ट दिसतात आणि दुसऱ्या घरी नुसता धूसर डाग दिसतो.

‘५२५ पट’चे गणित कुठे चुकते?

आकडा खोटा नाही, निरुपयोगी आहे. ७०० मिमीच्या दुर्बिणीबरोबर ४ मिमीचा आयपीस आणि ३ पटीचा बार्लो दिलेला असतो. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ आणि त्याची तिप्पट ५२५. नाभीय अंतर ९०० मिमी असेल तर हाच हिशोब ६७५वर जातो. कागदावर हे बरोबर आहे.

प्रत्यक्षात तीन अडचणी येतात. पहिली अडचण तपशिलाची. भिंग किती बारकावा दाखवू शकेल, हे त्याच्या व्यासावर ठरते. त्यापुढे चित्र मोठे केले तरी नवीन काही दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला छोटा फोटो दोन बोटांनी ताणला, की माणूस मोठा दिसतो पण चेहरा पुसट होतो. इथेही तसेच होते. साधा नियम असा की, व्यास जितके मिमी, त्याच्या दुपटीपर्यंतच पट वाढवावी. ७० मिमीला १४० पट ही वरची मर्यादा झाली. तीही हवा स्थिर असलेल्या रात्री.

दुसरी अडचण उजेडाची. गोळा झालेला प्रकाश तेवढाच राहतो, तो फक्त जास्त जागेवर पसरतो. ३५ पटीवरून ५२५ पटीवर गेलो, तर चित्र १५ पट लांब आणि १५ पट रुंद होते. म्हणजे तोच प्रकाश २२५ पट जागेवर पसरतो. चित्र काळवंडते ते यामुळे.

तिसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. २८ पटीला दिसणारे वर्तुळ पावणेदोन अंशांहून थोडे मोठे असते. त्यात ग्रह साधारण सात मिनिटे टिकतो. ५२५ पटीला हे वर्तुळ इतके आक्रसते, की तोच ग्रह १५ ते २० सेकंदांत बाहेर जातो. तेवढ्या वेळात बाबांनी बाजूला होऊन मुलीला पुढे करायचे, तिने डोळा लावायचा आणि फोकस करायचा. हे जमत नाही, यात मुलीचा काही दोष नसतो.

मग किती पट पुरेसे आहे?

गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण साधारण २० पटीची होती आणि तिची भिंगे आजच्या साध्या दुर्बिणीपेक्षाही सुमार होती. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा चंद्र शोधला, तो सुमारे ५० पटीच्या दुर्बिणीतून. आज गच्चीवरची ७० मिमीची दुर्बीण हे दोन्ही दाखवू शकते.

गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा ४० पटीला तो नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो, तेवढ्या आकाराचा होतो. डोळा सरावला की त्यावरचे दोन पट्टे ओळखू येतात. २८ पटीला शनी लांबट दिसतो आणि नीट पाहिले तर कडी वेगळी कळतात. ७० पटीला ती स्पष्ट होतात. मार्च २०२५ मध्ये ही कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती आणि जवळपास अदृश्य झाली होती. आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत आहेत. चंद्राची विवरे २८ पटीला सुंदर दिसतात. तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांना तर कमी पटच लागते.

छोट्या दुर्बिणीतून जे दिसते, त्यातले बहुतेक सारे २० ते १२० पटींत येते. आयपीसची निवड याच पट्ट्यात करायची.

खोक्यात आलेल्या आयपीसचे काय करावे?

आधी त्यांवरची अक्षरे वाचा. ‘एच’ म्हणजे हायगेन्स. यात दोन साधी भिंगे असतात आणि ही रचना सतराव्या शतकातली आहे. ‘एसआर’ हीदेखील जुनी, अरुंद दृश्य देणारी रचना. ‘के’ म्हणजे केलनर. १८४९ सालच्या या रचनेत तीन भिंगे असतात आणि कमी पटीला ती चांगले काम देते. ‘पीएल’ म्हणजे प्लॉसल. व्हिएन्नाच्या गेओर्ग प्लॉसल यांची ही १८६० सालची रचना, दोन जोड्यांत चार भिंगांची. दृश्य सुमारे ५० अंश रुंद आणि कडेपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ. आजही हौशी निरीक्षकांचा रोजचा आयपीस हाच आहे.

मग नळीचा व्यास पट्टीने मोजा. तो ३१.७ मिमी, म्हणजे सव्वा इंच असेल तर उत्तम. आज मिळणारे बहुतेक चांगले आयपीस याच मापाचे आहेत. तो साडेचोवीस मिमी असेल तर दुर्बीण जुन्या, छोट्या मापाची आहे. त्या मापात चांगले आयपीस मिळणे अवघड असते. अशी दुर्बीण अजून घेतली नसेल तर घेऊच नका. घेतली असेल तर मोठा आयपीस बसवणारी जोडकडी मिळते का ते पाहा.

खोक्यातले २० किंवा २५ मिमीचे आयपीस वापरा, ते बहुधा ठीक असतात. १० मिमीचा चालतो का ते चंद्रावर तपासा. ४ मिमीचा एसआर आणि ३ पटीचा प्लॅस्टिक बार्लो मात्र पुन्हा खोक्यात ठेवा. मुलांना पहिल्या रात्री ते देऊच नका. पहिल्याच रात्री निराशा झाली, तर आवड तिथेच संपते.

पैसे खर्चायचे तर पहिला आयपीस कोणता?

सर्वांत कमी पट देणारा, म्हणजे ३२ मिमीचा प्लॉसल. अनेकांना हे उलटे वाटते. पण ७०/७०० दुर्बिणीला तो २२ पट देतो आणि सुमारे २.३ अंशांचे आकाश एका वेळी दाखवतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो. म्हणजे चार चंद्र शेजारी शेजारी ठेवले तरी जागा उरते. कृत्तिकांचा पुंजका त्यात पूर्ण मावतो. शिवाय वस्तू शोधणे सोपे जाते. आधी या आयपीसने वस्तू मधोमध आणायची, मग आयपीस बदलायचा. ही सवय लागली की निम्म्या तक्रारी संपतात. खोक्यात चांगला २५ मिमीचा आयपीस आला असेल, तर मात्र ३२ मिमीची घाई नको.

दुसरा आयपीस १० मिमीच्या आसपासचा घ्यावा. त्याने ७० पट मिळते. ग्रह आणि चंद्राची विवरे यांच्यासाठी घरात सर्वांत जास्त हाच वापरला जाईल.

तिसरी वस्तू २ पटीचा चांगला बार्लो. आयपीसच्या आधी बसणारे हे भिंग प्रतिमा दुप्पट करते. इथे एक छोटा हिशोब करून घ्या. तुमच्याकडे २० आणि १० मिमीचे आयपीस असतील, तर २ पटीच्या बार्लोने २०चा १० होतो. तो तर तुमच्याकडे आहेच. म्हणजे एक जोडणी वाया गेली. २५ आणि १० मिमीची जोडी असेल तर २८, ५६, ७० आणि १४० अशा चार वेगवेगळ्या पटी मिळतात. बार्लोचा खरा फायदा अशी जोडी निवडली तरच होतो.

झूम आयपीसचे काय, असाही प्रश्न येतो. ८ ते २४ मिमीचा झूम सोयीचा असतो. पण कमी पटीला त्याचे दृश्य अरुंद होते, म्हणजे जिथे रुंद आकाश हवे तिथेच तो कमी पडतो. स्वस्त झूमपेक्षा दोन साधे प्लॉसल बरे.

आरशाच्या दुर्बिणीलाही हेच गणित लागू होते. ७६/७०० दुर्बिणीला पटी वरच्यासारख्याच मिळतात. ११४/९०० असेल तर २५ मिमीने ३६ आणि १० मिमीने ९० पट मिळते आणि वरची मर्यादा २२८च्या आसपास जाते. मात्र या दुर्बिणींचे आरसे प्रवासात हलतात. आयपीस बदलण्याआधी आरसे एका रेषेत आहेत का, ते जाणकाराकडून तपासून घ्या. आरसे तिरके असतील तर महागडा आयपीसही उपयोगाचा नाही.

चष्मा असणाऱ्यांनी काय करावे?

नंबर फक्त लांबचा किंवा जवळचा असेल तर चष्मा काढून फोकस फिरवा, दुर्बीण तो नंबर भरून काढते. नंबरात सिलिंडर असेल तर ते शक्य नसते आणि कमी पटीला चष्मा ठेवूनच पाहावे लागते. त्यासाठी डोळा आयपीसपासून १५ ते २० मिमी लांब ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसायला हवे. ३२ आणि २५ मिमीच्या प्लॉसलमध्ये हे जमते. ४ मिमीच्या प्लॉसलमध्ये डोळा भिंगाला जवळपास टेकवावा लागतो. आजी-आजोबांनाही शनी दाखवायचा असेल, तर आयपीस घेताना हे लक्षात ठेवा.

आयपीसआधी तिपाई का पाहावी?

दुर्बिणीला हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. त्याहून बराच जास्त वेळ लागत असेल, तर कोणताही आयपीस त्या दुर्बिणीला वाचवू शकणार नाही. ७० पटीला दुर्बिणीचा हादराही ७० पट मोठा होतो.

यावर खर्चाशिवाय उपाय आहेत. तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून पाहा. मधल्या दांड्याला वाळू भरलेली पिशवी टांगा. स्क्रू आवळा. स्लॅबपेक्षा अंगणातली जमीन चांगली. दिवसभर तापलेला स्लॅब किंवा पत्रा रात्री उष्णता सोडत राहतो, त्याने वरची हवा हलते आणि ग्रह पाण्यात पडल्यासारखा लहरतो. गच्चीच पर्याय असेल तर रात्री उशिरा पाहा.

विषुववृत्तीय बैठक, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायची तिरकी बैठक घ्यावी का? रोह्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहेत. म्हणजे इथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर असतो. चहूकडे डोंगर, माड आणि इमारती असताना तो अनेक अंगणांतून दिसतच नाही. सुरुवातीला वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठक बरी.

बाकीच्या सामानात काय घ्यावे, काय टाळावे?

शोधक : दुर्बिणीवरची छोटी शोधक नळी बहुधा अंधूक असते. त्याऐवजी लाल ठिपका दाखवणारा फाइंडर घ्या. तो दिवसाच जुळवून ठेवा. दूरच्या मोबाइल टॉवरचे टोक मुख्य दुर्बिणीत मधोमध आणा आणि लाल ठिपका त्याच टोकावर बसवा. ही दहा मिनिटे वाचवली, तर रात्रीचा तासभर शोधण्यात जातो.

डायगोनल : भिंगाच्या दुर्बिणीत आयपीसआधी बसणारा हा कोपरा. ४५ अंशांचा कोपरा दिवसा डोंगर, पक्षी पाहायला बरा. आकाशासाठी ९० अंशांचा हवा. कृत्तिका रोह्यात जवळपास डोक्यावरून जातात, ४५ अंशांच्या कोपऱ्यातून त्या पाहताना मान मोडते. ९० अंशांच्या कोपऱ्यात डावे-उजवे उलट दिसते, हे मात्र लक्षात ठेवावे.

रंगीत फिल्टर : सुरुवातीला नकोत. छोट्या दुर्बिणीत आधीच प्रकाश कमी असतो, हे तो आणखी कमी करतात. चंद्राचा फिल्टर ऐच्छिक आहे. चंद्राने डोळे दिपतात, पण त्याने इजा होत नाही. जवळ एखादा दिवा चालू ठेवला तरी काम भागते.

मोबाइल धारक : चंद्राचे फोटो काढायला मजेचा. २५ किंवा ३२ मिमीच्या आयपीसवर लावा. मोबाइलच्या वजनाने हलकी दुर्बीण खाली झुकते, म्हणून बैठकीचा स्क्रू आवळून घ्या. खोक्यावरच्या रंगीत चित्राची अपेक्षा मात्र ठेवू नका.

लाल उजेड : डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती मेहनत वाया जाते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा. स्टेलॅरियमसारख्या आकाशदर्शनाच्या अ‍ॅपमध्ये रात्रीसाठी लाल पडदा असतो, तो सुरू करा.

आणखी एक पर्याय म्हणजे ७×५० किंवा १०×५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण. आकाशाची ओळख व्हायला ती इतकी चांगली, की पुष्कळ जाणकार पहिली खरेदी तीच करा असे सांगतात.

कोणती वस्तू आज फेकून द्यावी?

आयपीसला मागून किंवा आतून लावायचा, ‘सन’ असे लिहिलेला गडद काचेचा छोटा फिल्टर. काही स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यात तो येतो. मुख्य भिंगाने गोळा केलेला सूर्याचा सारा प्रकाश आणि उष्णता या छोट्या काचेजवळ एकवटते. काच तापते आणि अचानक तडकू शकते. त्या क्षणी डोळा आयपीसला लागलेला असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे लगेच जाणवतही नाही, पण ती कायमची असू शकते. हा फिल्टर कोणाला देऊ नका. तो फोडून कचऱ्यात टाका.

दुर्बिणीच्या झाकणात एक छोटे भोक आणि त्याला वेगळे टोपण असते. ते सूर्य पाहण्यासाठी आहे, असा गैरसमज आहे. त्याने फक्त प्रकाश थोडा कमी होतो. ग्रहणाचे कागदी चष्मे लावून दुर्बिणीतून पाहणेही तितकेच घातक. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांचे नावही नको.

सूर्य पाहायचाच असेल तर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवा, म्हणजे उष्णता आत शिरण्याआधीच अडते. त्यासाठी खास सौर फिल्म मिळते. ती घट्ट चौकटीत बसवून वाऱ्याने उडणार नाही अशी पक्की करा. प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून टाचणीएवढे भोक तर नाही ना ते पाहा. शोधक नळी काढून ठेवा किंवा झाकून टाका. मुलांना दुर्बिणीजवळ दिवसा एकटे सोडू नका.

२ ऑगस्ट २०२७ रोजीचे सूर्यग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास दिसणार आहे. कोकणात तो भर पावसाळा असेल. तरीही ढगांत फट पडली, की माळ्यावरच्या दुर्बिणी बाहेर निघतील. त्याआधी घरातला तो छोटा फिल्टर शोधून काढलेला बरा.

रोह्याच्या हवेत भिंगे कशी टिकवावीत?

कोकणात आयपीसचा खरा शत्रू बुरशी आहे. दमट, बंद आणि अंधाऱ्या जागी भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ते भिंगावरचा लेपही खातात आणि मग पुसून काही होत नाही. माळ्यावर खोक्यातल्या थर्माकोलमध्ये चार महिने ठेवलेल्या आयपीसला हे सहज होऊ शकते.

यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरते. रंग बदलणारी सिलिका जेल घ्या. ओलावा शोषला की निळ्या गोळ्या गुलाबी होतात, मग त्या बदला किंवा कोरड्या करा. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र त्या गरम करू नका. तांदळात आयपीस पुरून ठेवणे टाळा, भुकटी भिंगावर बसते. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा डबा उघडून भिंगे उजेडात पाहा.

हिवाळ्यात प्रश्न दवाचा असतो. पुढच्या भिंगावर दव बसले की चित्र अचानक फिके होते आणि आयपीस बिघडल्याचा भास होतो. भिंगाच्या पुढे काळ्या पुठ्ठ्याची किंवा योगा मॅटच्या तुकड्याची नळी गुंडाळा, लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीड ते दोन पट. दव पडलेच तर पुसू नका. आत आणून झाकण न लावता पूर्ण वाळू द्या, मगच बंद करा. ओले असताना लावलेले झाकण म्हणजे बुरशीला निमंत्रण.

भिंग वारंवार पुसूच नये. आधी हवेचा फुगा दाबून धूळ उडवा. बोटाचा डाग असेल तरच भिंगाच्या कागदाने, मधून कडेकडे हलक्या हाताने पुसा. सदऱ्याच्या टोकाने तर नकोच.

रोह्यातून काय पाहावे आणि कुठून?

रोह्याला मुंबई-ठाण्याइतका उजेडाचा त्रास नाही, पण धाटाव औद्योगिक वसाहतीचा उजेड पूर्वेकडे जाणवतो. चंद्र आणि ग्रह गावातल्या अंगणातूनही उत्तम दिसतात, त्यांना उजेड फारसा आडवा येत नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका पाहायच्या तर चणेऱ्याच्या बाजूला किंवा मुरूडच्या रस्त्याला, ओळखीच्या अंगणात जावे. डोंगरात आडबाजूला एकटे जाऊ नये.

हंगाम दिवाळीनंतरचा. थंडीत ३२ मिमीने कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका, २५ मिमीने मृगातला तेजोमेघ. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला मोकळे क्षितिज असेल तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ पाहा. रोह्यातून तो सुमारे २४ अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो कधीच दिसत नाही. चंद्र पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या आसपास पाहावा. तेव्हा विवरांच्या सावल्या लांब पडतात.

विकत घेण्याआधी कोणाला विचारावे?

शक्य असेल तर आधी दुसऱ्याच्या आयपीसमधून पाहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आले आहे. अशा एका रात्रीत ३२ मिमी आणि १० मिमीतला फरक जितका कळतो, तितका कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही. आपली बंद पडलेली दुर्बीण बरोबर नेता येईल का, हेही आयोजकांना आधी विचारा.

थोडक्यात, खरेदीचा क्रम असा. आधी तिपाई स्थिर करा, मग लाल ठिपक्याचा फाइंडर, मग २५ किंवा ३२ मिमीचा प्लॉसल, त्यानंतर १० मिमीचा, घट्ट डबा आणि सिलिका जेल, आणि सर्वांत शेवटी २ पटीचा बार्लो. हे सगळे एकदम घ्यायची गरज नाही. खोक्यातला २० किंवा २५ मिमीचा आयपीस घेऊन आज रात्रीच सुरुवात करता येते. माळ्यावरची दुर्बीण खाली काढा, भिंगाला बुरशी नाही ना ते पाहा, ४ मिमीचा आयपीस बाजूला ठेवा आणि कमी पटीने चंद्र दाखवा. मुलीला विवरांच्या कडा स्पष्ट दिसल्या, की दुर्बीण पुन्हा माळ्यावर ठेवावी लागणार नाही.